पांढर, काळी आणि रक्त

गिरणाकाठच्या मामाच्या गावाला जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आहे. उंचवटा, त्यावर बाभळी, आणि पावसाळ्यात कड ढासळली की मातीतून डोकावणारी खापरं. आमच्या लहानपणी वैशाखात तिथं बैलगाड्या लागायच्या, आता ट्रॉल्या लागतात. पांढरीची माती उकरायची आणि शेतात फेकायची, फुकटचं खत. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा त्या मातीचा नमुना मी तपासून पाहिला. शेजारच्या वावरापेक्षा स्फुरद (फॉस्फरस) कितीतरी जास्त निघाला. मोठ्या उत्साहानं मामांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "हाई ते आमले माहीतच व्हतं रे भाचा. तुना कागदले आते समजनं."

मामांचं खरंच होतं. पण असं का होतं, ते कागदाशिवाय कळत नाही. माणसं एका जागी पिढ्यानपिढ्या राहतात, तिथं राख साचते, शेण साचतं, हाडं आणि उष्टंखरकटं साचतं. त्यातलं नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहून जातं किंवा हवेत उडून जातं. स्फुरद मात्र मातीतल्या चुन्याला आणि लोहाला चिकटून बसतं आणि हजारो वर्षं हलत नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस नावाचा शास्त्रज्ञ साखरेच्या बिटासाठी जमिनी तपासत होता. त्याला काही ठिकाणी स्फुरद विचित्र वाढलेला दिसला आणि तिथं जुन्या वस्त्या होत्या असं निघालं. ही 1930च्या आसपासची गोष्ट. तेव्हापासून माती तपासून बुजलेलं गाव शोधता येतं, वर एक भिंत शिल्लक नसली तरी.

खानदेशच्या इतिहासाबद्दल आपण जे ऐकत आलो त्यात फारुकी राजे येतात, थाळनेरचा किल्ला येतो, अकबरानं 1601 साली घेतलेला असीरगड येतो. हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे. वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्यात येऊन राहिले, 1926 साली तिथंच गेले, आणि दप्तरं गोळा करण्याची त्यांची तळमळ आजही तिथल्या संशोधन मंडळात दिसते. पण दप्तर लिहिणाऱ्यांच्या आधी जी माणसं तापी-गिरणेच्या काठी राहिली, ती या भूमीवरच्या माणसाच्या मुक्कामाचा फार मोठा भाग आहेत. त्यांच्याबद्दल बोलायचं तर खापर, कोळसा, दाणा, हाड एवढंच हातात असतं. म्हणून या गोष्टीत मला रसायन, भूगर्भ आणि जीवशास्त्र लागतं. आणि इतकी वर्षं हे वाचत आल्यावर माझं एक मत झालं आहे. संस्कृतीचा प्रवास असाच का झाला याचं एकच कारण विज्ञान क्वचितच देतं. काय होणं शक्य नव्हतं, ते मात्र फार नेमकं सांगतं.

तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे घ्या. लोक तिथं दर्शनाला जातात, दक्षिण काशी म्हणतात. त्याच गावाच्या टेकाडावर 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतचे वस्तीचे थर एकावर एक मिळाले. त्याच दशकात, चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला म. न. देशपांडे यांनी गिरणेच्या काठावर असेच थर उघडले, आणि नदीपलीकडे टेकवड्याला दफनं सापडली. पण हे सगळं नेमकं कधीचं? तेव्हा कालनिर्णय प्रामुख्यानं तुलनेनं व्हायचा. अमुक खापर माळव्यातल्या तमुक खापरासारखं, म्हणून तेही त्याच काळाचं. एक तारीख सरकली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्याच सरकायच्या.

विलर्ड लिबीनं 1949 साली कार्बन-14ची पद्धत मांडली आणि हा खेळ बदलला. वनस्पती हवेतला कार्बन घेते, त्यात अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी कार्बनही येतो. झाड तुटलं की नवा कार्बन येणं थांबतं आणि आतला किरणोत्सारी भाग 5730 वर्षांत निम्मा होतो. चुलीतला कोळसा मिळाला तर ते लाकूड कधी मेलं हे काढता येतं. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही प्रयोगशाळा सुरू झाली आणि दख्खनच्या गावांना स्वतःच्या तारखा मिळू लागल्या. यातही मेख आहे. कोळसा जुन्या, जाड खोडाच्या गाभ्याचा असेल तर तारीख चूल पेटली त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीची येऊ शकते. त्यापेक्षा जळका दाणा बरा, कारण तो एकाच हंगामाचा असतो. कुणाच्या तरी हातून करपलेली डाळ पुढे राजाच्या ताम्रपटापेक्षा भरवशाची ठरते, हे मला फार आवडतं.

या तारखांमुळे चित्र असं उभं राहिलं. शहाद्याकडचं तापीकाठचं सावळदा, साक्री तालुक्यातलं कवठे, अशा गावांतून इसवी सनापूर्वी 2000च्या आसपास शेती करणारी, जनावरं पाळणारी, रंगीत मडकी घडवणारी माणसं राहत होती. त्यानंतर माळव्याकडून आलेली मडकी, मग जोर्वे संस्कृती, आणि इसवी सनापूर्वी 1000च्या सुमारास उत्तर दख्खनमधली बहुतेक गावं ओस. लोखंडाचा जमाना अजून नीट सुरूही झाला नव्हता. गावं का उठली? पाऊस कमी झाला असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं आणि ते बराच काळ मान्य राहिलं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या, याच काळातल्या लहान मुलांच्या हाडांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा कुपोषण, आजार, वाढ खुंटणं, शेतीच्या आणि गुरांच्या सवयीतला बदल हे सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसलं. पाऊस कमी होणं हे एक कलम झालं, आख्खा दावा नव्हे.

पाटण्याची गोष्ट तर याहून मागची. चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे भाविक ज्या डोंगराच्या कुशीतून जातात, तिथं शां. अ. साळी यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं. दगडाच्या बारीक पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. कवचाचीच कार्बन-14 तारीख सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आली. खानदेशात शहामृग! ऐकून हसू येतं. आज त्या रानात मोर दिसतो, बिबट्या दिसला तर बातमी होते. पण 2017 साली हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा कवचातून डीएनए काढला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशीच जुळला. म्हणजे पक्षी होता. आणि शहामृग होता म्हणजे दाट जंगल नव्हतं. मोकळं, कोरडं गवताळ रान होतं, जिथं दूरवर पाहत पळता येतं. जगभर हिमयुग ऐन भरात होतं, मोसमी पाऊस आजच्यापेक्षा दुबळा होता. एका मण्यावरून पावसाचा अंदाज बांधता येतो तो असा.

पण मणी कशासाठी घातला, रेघा कशासाठी कोरल्या, हे डीएनए सांगत नाही. त्याच पाटण्याच्या देवळातल्या शिलालेखात 1207 साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं लिहिलं आहे. तिथं हेतू शब्दांत आहे. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. एकाच डोंगराच्या पायथ्याशी दोन पुरावे, एकाला तोंड आहे आणि दुसऱ्याला नाही. न बोलणाऱ्याला बोलतं करण्याची घाई अनेकांना होते. मण्यावरून धर्म, रेघेवरून गणित. तेवढ्यापुरता मी मागे राहतो.

आता काळ्या जमिनीकडे येतो, कारण माझा जीव तिच्यात जास्त रमतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला, बेसॉल्ट झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची. तिच्या कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, माती फुगते. वाळली की आकसते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, पावसाळ्यात पुन्हा फुगून वर-खाली होते. आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, काळी आपली आपण नांगरते. भूमिविज्ञानाच्या पुस्तकातही जवळपास हेच लिहिलेलं असतं.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1950च्या दशकात मांडलं होतं की लोखंड आल्याशिवाय दख्खनच्या काळ्या जमिनीत शेती फैलावणं शक्य नव्हतं. विचार दमदार होता. राजा कोण, देव कोण याआधी फाळ कशाचा हे विचारणारा इतिहासकार मराठी मुलखात दुर्मीळ. पण नंतरच्या उत्खननांनी त्याला मुरड घातली. लोखंडाआधीची माणसं नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत जव, गहू, मसूर पिकवत होती, आणि इनामगावजवळ वाळकीला तर जनावराच्या हाडाचा फाळ मिळाला. ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत वाफसा साधला की रब्बीला फार खोल नांगरट लागत नाही.

मग कोसंबी चुकले का? मला नाही वाटत. नदीपासून आत, काळ्याच्या सपाट पट्ट्यात ज्यानं हराळी आणि कुंदा पाहिला आहे, त्याला अडचण कळेल. कुंद्याच्या मुळ्या एवढ्या खोल जातात की लाकडी नांगर वरवर खरवडून परत येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी अखेर का स्वीकारला, त्यामागे हेही होतं. आधी मात्र लोखंडानं जमिनीत विष उतरतं असा समज होता आणि नांगर पडून राहत. शेती सुरू व्हायला लोखंड लागलं नाही, फैलावायला लागलं असावं. मातीच्या चिकटपणापेक्षा गवताच्या मुळ्यांचा हा प्रश्न होता, असं मी म्हणेन.

तापी पश्चिमेला का वाहते, हे शाळेत सगळ्यांनी घोकलं आहे, म्हणून थोडक्यात. भूकवच ताणून मध्ये खचलं, त्या खचदरीतून ती वाहते, आणि दरीत शेकडो फूट गाळ भरला आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधली ही सपाट वाट सुरतेकडून बुऱ्हाणपूरला जायला आयती मिळाली. व्यापारी गेले, फौजा गेल्या. पीटर मंडी नावाचा इंग्रज 1630 साली याच वाटेनं गेला आणि त्यानं त्या वर्षीच्या दुष्काळात नंदुरबारच्या आसपास पडलेली प्रेतं लिहून ठेवली. वाट भूगर्भानं दिली. तिच्यावर कर कुणी बसवला, लूट कुणी केली, याला खचदरी जबाबदार नाही.

कळण्याची भाकरी आणि ठेचा ताटात येतो तेव्हा आपण त्याला अस्सल खानदेशी म्हणतो, आणि ते खरंही आहे. त्यातली ज्वारी सुदानच्या बाजूला माणसाळली, आज वनस्पतिशास्त्रज्ञांना तिचं रानटी बीज आणि जुने दाणे तिकडेच सापडतात. उडीद इथलाच, भारतातला. मिरची मेक्सिकोची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. आज नंदुरबारच्या मिरची बाजारात लाल पथाऱ्या पसरतात, पण फारुकी राज्य स्थापन झालं तेव्हा खानदेशात एक मिरची नव्हती. रावेर-यावलची केळीही तशीच. तिचे रानटी पूर्वज आग्नेय आशियाकडचे, न्यू गिनीत सात-एक हजार वर्षांपूर्वी तिची लागवड होत होती. आपण लावतो ती ग्रँड नैन ही जात बी धरत नाही, प्रत्येक रोप दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. म्हणून मुळाच्या मर रोगाची बुरशी आली तर एकही झाड निराळा प्रतिकार दाखवणार नाही, अशी धास्ती जगभरच्या केळीवाल्यांना असते. पाहुण्याशिवाय आपलं ताट भरत नाही एवढं नक्की, आणि "आमचं मूळचं" म्हणून भांडायला बसलेल्या माणसाला मी आधी एक भाकर देतो.

सातपुड्यात गेलं की विज्ञान ताटातून रक्तात उतरतं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागात भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच बदल. आई आणि बाप दोघांकडून हा गुण आला तर लाल पेशी ऑक्सिजन सोडताना विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडं ठणकतात. एकाकडूनच आला तर माणूस बहुधा धडधाकट असतो. त्यातही असं की त्याला फाल्सिपेरम मलेरियाचा तीव्र तडाखा कमी बसतो. अँथनी ॲलिसननं पूर्व आफ्रिकेत हे 1954 साली दाखवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल असल्याचं भारतात प्रथम नोंदलं गेलं होतं.

म्हणजे पिढ्यानपिढ्या मलेरियाच्या रानात राहिल्याची नोंद रक्तात राहिली. फ्रँक लिव्हिंगस्टन या मानववंशशास्त्रज्ञानं 1958 साली पश्चिम आफ्रिकेबद्दल आणखी एक दुवा जोडला. शेतीसाठी जंगल तोडलं, उन्हात डबकी साचली, त्यात डास वाढले, मलेरिया वाढला, म्हणून हा गुण टिकला. शेती ही मानवी प्रगतीची मोठी पायरी म्हणून आपण शिकवतो आणि ती पायरी चढताना मुलांच्या रक्तानं काय मोल दिलं, हे या मांडणीत दिसतं. तिच्या प्रेमात पडून काहीजण ती जशीच्या तशी सातपुड्याला चिकटवतात, तिथं मात्र थांबायला हवं. तिकडचा डास वेगळा, इकडचा वेगळा. इथलं रान कुणी, कधी, किती तोडलं याचा हिशोब इथंच काढावा लागेल.

या संशोधनानं एक गोष्ट निर्विवाद केली. अशक्तपणा, सततचा ताप, अंगदुखी पाहून "ही माणसं जातीनंच आळशी, कमकुवत" असं बोलणारे डोंगराखाली होते, अजूनही कधी बसमध्ये भेटतात. तो गुण टिकला तो एका जीवघेण्या रोगाविरुद्ध उपयोगी पडला म्हणून. दोन वाहकांचं, म्हणजे एकाकडूनच हा गुण आलेल्या दोघांचं, लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक, हे कोष्टक मी बारावीला फळ्यावर काढतो. धडगावकडच्या एका विद्यार्थ्यानं तास संपल्यावर विचारलं, "सर, हे लग्न ठरवायच्या आधी कुठं तपासून मिळतं?" तासाला नेहमी वाटाण्याच्या रोपांचं उदाहरण देत आलो होतो. त्या वर्षीपासून हेच घेतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 2023 साली सुरू झाली आहे, चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते.

दुष्काळाचंही असंच. छप्पन्याचा दुष्काळ, म्हणजे 1899-1900चा, आमच्या पणजीच्या तोंडून आजीपर्यंत आला आणि आजीकडून आमच्यापर्यंत. त्या वर्षीचा पावसाचा सरकारी अंदाज सपशेल फसला. 1904 साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती हवामान खात्याचे प्रमुख म्हणून भारतात आले, ते या मोसमी पावसाचं काही सूत्र सापडतं का हे शोधायलाच. जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींचे ढीग उपसून त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा दाबाचा झोका सापडला. त्याचा एल निनोशी असलेला संबंध याकोब ब्यर्कनेसनं 1969 साली उलगडला. पेरूच्या किनाऱ्याकडचं पाणी तापतं आणि एरंडोलचं आभाळ कोरडं राहतं, याची साखळी जुळायला इतका काळ लागला.

पण पाऊस न पडणं आणि माणूस मरणं यांत बरंच अंतर आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला भाव आला आणि खानदेशात कापूस वाढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. ज्वारी पेवात ठेवण्याऐवजी बाजारात जाऊ लागली. रेल्वे धान्य आणू शकते तसं नेऊही शकते, आणि धान्य भावाच्या मागे जातं. वसुली आणि सावकार होतेच. एल निनो 1877 सालीही होता आणि 1899 सालीही. नंतरही कित्येकदा आला. स्वतंत्र भारतात 1972 साली तो आला, महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला, पण रोजगाराची कामं निघाली आणि छप्पन्यासारखी माणसं मेली नाहीत. समुद्र तोच. जे लोक दुष्काळाला केवळ निसर्गाचा कोप म्हणतात त्यांना या दोन सालांची तुलना पुरे.

पाण्याच्या वाटणीचा खानदेशी मासला म्हणजे फड. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात त्या हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. ऊस या वर्षी या फडात, पुढच्या वर्षी त्या. पाणी कमी पडलं की एखादा फड अख्खा कोरडा ठेवायचा. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे तोटाही वाटला जातो. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला धान्यात. ही रीत काही शतकं चालली.

मोठं सिंचन आलं की हुकूमशाही येते, असा कार्ल विटफोगेलचा सिद्धान्त 1957 साली गाजला होता. पांझरेच्या काठी बंधारे होते आणि हुकूमशहा नव्हता. सामायिक साधनं माणसं आपापले नियम करून शतकानुशतकं सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं अभ्यासून दाखवलं आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फड गोडीगुलाबीनं चालायचा असं मात्र समजू नये. दंड होते, चोरून फोडलेल्या चाऱ्या होत्या, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला या न्यायात जागा नव्हती.

हे मोडलं कशानं? वरच्या अंगाला धरणं झाली, आणि त्याहून जास्त, विहिरीवर मोटर बसली. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाची पाळी पाहायची गरज उरली नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा एक पट्टा आहे, डोंगरावरून उतरलेलं पाणी तिथून खाली मुरतं. 1615 साली बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. सुमारे शंभर कुंड्या जमिनीखालच्या भुयारानं जोडून, नुसत्या उतारावर, डोंगराचं मुरलेलं पाणी त्यांनी शहरात आणलं. ती रचना वरून जेवढं मुरतं तेवढंच देऊ शकते. आता त्याच पट्ट्याखाली यावल-रावेरकडे बोअर शेकडो फूट जातात आणि आधीच्या पावसाळ्यांचं साठलेलं पाणी उपसतात. ते किती जुनं आहे हे ट्रिटियम मोजून अंदाजता येतं. 1950-60च्या दशकांतल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी पावसात ट्रिटियम मिसळलं. ते ज्या पाण्यात सापडत नाही, ते त्या चाचण्यांआधी मुरलेलं. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नेमानं मोजते आणि आकडे जाहीर करते. केळीच्या बागेत त्या आकड्यांवर गप्पा होतात, कुणाच्या बोअरला किती फुटांवर लागलं यावर पैजाही लागतात. पाळी ठरवायला फडासारखी बैठक बोलवावी, असं मी एकदा तिथं म्हणून पाहिलं. बागवाले हसले, चहा पाजला, आणि त्यांच्यातल्या सर्वात तरुण पोरानं विचारलं, की पाटात वाहणारं पाणी डोळ्यांना दिसत होतं, हे खालचं कुणाच्या हिश्श्याचं किती हे मोजणार कसं. त्याचं उत्तर निदान अर्धं तरी माझ्या विषयात आहे, म्हणून सध्या त्या पट्ट्यातल्या विहिरींचे जुने आकडे मिळवून बसलो आहे.